पुण्यात राहतो, मत बारामतीला

धायरीफाटा
नमस्कार मंडळी. वर्षभर हा धागा काढायचं मनात होतं, पण टंकाळा (टंकनाचा कंटाळा) आड येत होता. आज पाऊस आहे, लाईट आहे आणि मी सिंहगड रोडला अडकलेलो नाही, त्यामुळे लिहून टाकतो.

जन्म नारायण पेठेतला. आजोबा, वडील आणि मी, तिघांनीही आयुष्यातलं पहिलं मत पुण्याच्या खासदारासाठी दिलं. २०१६ मध्ये वाडा पाडला, वाटण्या झाल्या आणि माझ्या वाट्याला जे आलं त्यात धायरीला दोन बेडरूमचा फ्लॅट बसला. पत्ता पुणे ४१. घरपट्टी पुणे महापालिकेला. कचऱ्याची गाडीही महापालिकेचीच (येते तेव्हा). त्यामुळे आपण पुण्यातून बाहेर पडलोय हे लक्षातच आलं नाही.

लक्षात आलं एप्रिल २०१९ मध्ये. मतदानाला गेलो, यंत्रावरची नावं वाचतोय, तर गिरीश बापट नाहीत, मोहन जोशीही नाहीत. समोर सुप्रिया सुळे आणि कांचन कुल! क्षणभर वाटलं चुकीच्या खोलीत शिरलो. मागे वळून विचारलं तर तिथली बाई म्हणाली, "अहो, हे खडकवासला. खडकवासला बारामतीत." जणू काही हे मला पाळण्यात असतानाच सांगितलं होतं.

२०२४ ला तर कहर. बारामतीचं मतदान ७ मे, पुण्याचं १३ मे. माझं ऑफिस शिवाजीनगरला, त्यामुळे सुट्टी १३ ची. साहेबांना समजावून सांगावं लागलं की साहेब, मी पुण्यातच राहतो, पण माझं मत बारामतीला आहे. ते म्हणाले, मग गावी जाऊन या की. गाव! धायरी फाट्यापासून स्वारगेट आठ-दहा किलोमीटर असेल.

तर तेव्हापासून डोक्यात किडा शिरला आहे. 'पुणे लोकसभा' म्हणजे नक्की कुठलं पुणं? सध्या त्यात सहा विधानसभा आहेत: वडगाव शेरी, शिवाजीनगर, कोथरूड, पर्वती, पुणे कॅन्टोन्मेंट आणि कसबा पेठ. खडकवासला बारामतीत, हडपसर शिरूरमध्ये. पिंपरी आणि चिंचवड मावळात, तेही घाट उतरून पनवेल-उरणच्या लोकांबरोबर. ही २००८ ची वाटणी, पहिली निवडणूक २००९ ची. त्याआधी बोपोडी आणि भवानी पेठ अशा विधानसभाच होत्या, त्या नकाशावरून गेल्या.

आणि तरी दर निवडणुकीत टीव्हीवर कुणीतरी छातीठोकपणे सांगतो की पुणे हा अमक्याचा बालेकिल्ला. ज्या किल्ल्याची तटबंदीच दर पिढीत सरकते तो कसला बालेकिल्ला? आमच्या घरात तीन पिढ्यांची मतं तीन तऱ्हांची. आजोबा १९५७ च्या गोष्टी सांगायचे, वडील १९७७ च्या, आणि मी स्वतः १९९६ पासूनचं पाहिलंय. जाणकारांनी भर घालावी. उमेदवारांच्या जातीवरून आणि पक्षांवरून धुळवड नको, ही विनंती.

नदीपात्र
पहिला!
पुलेशु, म्हणजे पुढील लेखनास शुभेच्छा. (शेवटची विनंती वाचून पॉपकॉर्न घ्यायला निघालो आहे.)

नारायणपेठी
धायरीफाटा, कोणता वाडा हो तुमचा? व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. बहुधा ओळख निघेल.

मी पंच्याहत्तरीचा. १९५७ ला सात वर्षांचा होतो, त्यामुळे जे सांगतो त्यातलं निम्मं वडिलांचं समजा. १९५२ ला पुणे शहराचे खासदार काकासाहेब गाडगीळ, नेहरूंच्या पहिल्या मंत्रिमंडळातले. बांधकाम, खाणी आणि वीज हे खातं त्यांच्याकडे होतं. त्या वेळी 'पुणे दक्षिण' असा दुसराही मतदारसंघ होता आणि तिथून इंदिराबाई मायदेव निवडून आल्या होत्या. म्हणजे पुण्याने पहिल्याच फेरीत बाई लोकसभेत पाठवली होती. पुढे मात्र सगळे बाप्येच.

काकासाहेब म्हणजे मोठं माणूस. वक्तृत्व असं की विरोधकसुद्धा ऐकायला जायचे. मुंबईसह महाराष्ट्र हवा असं ते दिल्लीत बोललेही होते. पण काँग्रेस सोडली नाही, आणि ५७ साली पुण्यात बैलजोडीवर उभं राहणं म्हणजे भर पावसात पतंग उडवणं. संयुक्त महाराष्ट्र समितीकडून समोर नानासाहेब गोरे. ५५ च्या मे महिन्यात सत्याग्रहींची तुकडी घेऊन ते गोव्यात घुसले होते, पोर्तुगिजांचा मार खाल्ला, तुरुंगात गेले आणि सुटले ते फेब्रुवारी ५७ मध्ये. म्हणजे निवडणुकीच्या तोंडावरच. निशाणी झोपडी. आम्ही पोरं कागदाच्या झोपड्या छातीला टाचणीने लावून बोळातून फिरायचो. कुणाला काय कळत होतं! 'झालाच पाहिजे' म्हणायला मजा यायची एवढंच.

मतमोजणीचे आकडे वर्तमानपत्राच्या कचेरीबाहेर फळ्यावर खडूने लिहीत. वडील मला खांद्यावर घेऊन उभे होते. काकासाहेब पडले तेव्हा वडील घरी येऊन जेवले नाहीत. मत त्यांनी गोऱ्यांनाच दिलं होतं. पण जेवले नाहीत.

भोपळेचौक
आप्पा, काय लिहिलंत!

पण धागाकर्त्यांना एक सांगायचंय. नेहमीप्रमाणे पुणे म्हणजे पेठा. मी कॅम्पातला. आमच्याकडे मराठी, उर्दू, गुजराती, तमिळ, तेलुगू सगळं एका गल्लीत. आमचा विधानसभा मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. लोकसभेला आमच्याकडचा कल पेठांच्या उलट असू शकतो, हे कुणाच्या गावी नसतं. २०२४ मध्ये भाजपचे मोहोळ सहज निवडून आले, पण कॅन्टोन्मेंटमध्ये काँग्रेसचे धंगेकर पुढे होते. कसब्याच्या कट्ट्यावर 'पुण्याने ठरवलं' म्हणतात तेव्हा आम्ही कोण असतो?

आकडेमोड्या
+१ भोपळेचौक.

२०२४ चे आकडे हाताशी आहेत म्हणून देतो. मुरलीधर मोहोळ ५,८४,७२८. रवींद्र धंगेकर ४,६१,६९०. फरक १,२३,०३८. वंचितकडून उभे राहिलेले वसंत मोरे ३२ हजारांच्या आसपास. मोहोळांची सगळ्यात मोठी आघाडी कोथरूडने दिली, ती काढली तर चित्र बरंच चुरशीचं दिसतं. आधीच्या दोन निवडणुका एकतर्फी होत्या. २०१४ ला अनिल शिरोळे ३,१५,७६९ ने, २०१९ ला गिरीश बापट ३,२४,६२८ ने. म्हणजे मताधिक्य एका फटक्यात निम्म्याहून खाली.

आता धागाकर्त्यांच्या 'बालेकिल्ला' मुद्द्यावर. १९९१ ते २००४ या पाच निवडणुकांत पुण्याने एकाही खासदाराला लागोपाठ दुसऱ्यांदा पाठवलं नाही. १९९१ अण्णा जोशी, १९९६ सुरेश कलमाडी, १९९८ विठ्ठल तुपे, १९९९ प्रदीप रावत, २००४ परत कलमाडी. भाजप, काँग्रेस, काँग्रेस, भाजप, काँग्रेस. आजवर लागोपाठ तीनदा निवडून आलेला खासदार एकच: विठ्ठलराव गाडगीळ, ८०, ८४ आणि ८९. भाजपने आता सलग तीन जिंकल्यात, पण तिन्ही वेळा माणूस वेगळा.

आणि हे जरा बघा. १९६७ ला महाराष्ट्रात काँग्रेसला ४५ पैकी ३७ जागा, पुण्यात निवडून आले संयुक्त समाजवादीचे एस. एम. जोशी. १९९१ ला राज्यात काँग्रेसला ४८ पैकी ३८, पुण्यात भाजपचे अण्णा जोशी. १९९६ ला उलटं, राज्यात युतीला ३३ आणि काँग्रेसला १५, पुण्यात मात्र काँग्रेसचे कलमाडी. २०२४ ला राज्यात महायुती १७ वर आली आणि पुण्यात भाजप एक लाखाच्या वर. महाराष्ट्र जिकडे जातो त्याच्या उलट जायची या शहराला खोडच आहे.

नदीपात्र
म्हणजे दुपारी एक ते चार दुकान बंद ठेवण्याचंच हे राजकीय रूप :)

कोथरूडकरीण
हे असे निवडक दाखले देऊन काहीही सिद्ध करता येतं. १९७१, १९७७, १९८०, १९८४, २०१४, २०१९, या सगळ्या वेळी पुणं वाऱ्याबरोबरच गेलंय. तुम्ही चार सांगितलेत, मी सहा सांगितले. आता?

आणि कोथरूडची आघाडी 'काढली तर' म्हणजे काय? आम्ही काय शिकरण आहोत का ताटातून बाजूला काढायला?

आकडेमोड्या
मान्य. 'खोड' हा शब्द मागे घेतो. 'अधूनमधून उलट' म्हणू. शिकरणाबद्दल क्षमस्व.

नारायणपेठी
दोघंही भांडू नका. १९७१ आणि ७७ एकत्र मोजलेत ते बरोबर, पण त्यातली गंमत आकड्यात दिसत नाही.

मधलं १९६२ आधी सांगतो. ६१ च्या जुलैत पानशेत फुटलं, आमच्या वाड्याचा मागचा भाग वाहून गेला, आम्ही चार महिने मामाकडे सदाशिवात. आणि फेब्रुवारीत निवडणूक. लोक सरकारवर तोंडसुख घेत होते. पण मत देताना? काँग्रेसचे शंकरराव मोरे निवडून आले. संयुक्त महाराष्ट्र ६० ला मिळून गेलेला, समितीला बांधून ठेवणारं सूत तुटलेलं, यशवंतरावांचा जम बसलेला. हे मोरे म्हणजे पूर्वीचे शेतकरी कामगार पक्षाचे संस्थापकांपैकी एक, ५२ ला शेकापकडून सोलापूरचे खासदार. त्या काळी पक्षांतराला कुणी गद्दारी म्हणत नव्हतं असं नाही, पण माणसाचा अभ्यास पाहत.

६७ ला एस. एम. वटवृक्षाच्या निशाणीवर. तोवर समाजवादी फुटलेले, एस. एम. संसोपात (संयुक्त समाजवादी) आणि गोरे प्रसोपातच (प्रजा समाजवादी). त्याच सुमारास गोरे पुण्याचे महापौर झाले. दोन मित्र, दोन पक्ष, आणि पुणेकर दोघांनाही मान देत होते.

मग मोहन धारिया. ७१ ला गाय-वासरू निशाणी, इंदिरा गांधींचे तरुण तुर्क. केंद्रात राज्यमंत्री असताना 'जयप्रकाशांशी बोला' असं उघड म्हणाले म्हणून ७५ च्या मार्चमध्ये मंत्रिपद गेलं. आणीबाणीत तुरुंग. ७७ ला पुण्यात तेच धारिया, फक्त निशाणी आता चक्रातला हलधर. मी तेव्हा सत्तावीस वर्षांचा. पु. ल. देशपांडे त्या निवडणुकीत व्यासपीठावर चढून बोलत होते, हे आजच्या पोरांना सांगितलं तर विश्वास बसत नाही. सभेला गर्दी इतकी की वर्गणीच्या चादरीत लोक नाणी टाकत होते. म्हणजे त्याच माणसाला पुण्याने एकदा इंदिराबाईंबरोबर म्हणून निवडून दिलं आणि एकदा इंदिराबाईंविरुद्ध म्हणून. त्याला वारा म्हणा नाहीतर माणूस म्हणा.

धायरीफाटा
आप्पा, वडील हुबेहूब हेच सांगायचे, चादरीसकट. त्यांनी त्या चादरीत घड्याळ टाकलं होतं आणि घरी येऊन आईचं बोलणं खाल्लं होतं.

माझं पहिलं मत १९९६. त्याआधीचं ९१ अंधुक आठवतं. राजीव गांधींची हत्या झाली होती, सगळीकडे सहानुभूतीची चर्चा, आणि पुण्यात विठ्ठलराव गाडगीळ पडले. वडील म्हणाले होते, काकासाहेबांनाही पुण्याने पाडलं आणि मुलालाही, दोघंही दिल्लीत मोठे होते आणि गल्लीत उरले नव्हते. (विठ्ठलराव राजीव गांधींच्या मंत्रिमंडळात माहिती आणि नभोवाणी सांभाळत होते.) तेव्हापासून हा 'दिल्लीत मोठा, गल्लीत नाही' प्रकार मला पुण्याच्या खासदारकीचा कायमचा पेच वाटत आलाय.

कसब्यातलाच
९१ चा एक धागा (सुताचा, हा नव्हे) राहिला. अण्णा जोशी कसब्याचे आमदार होते, ते खासदार झाले म्हणून कसब्याची जागा रिकामी. पोटनिवडणुकीत काँग्रेसचे वसंत थोरात निवडून आले. पडलेला भाजपचा उमेदवार कोण? गिरीश बापट. नंतर ९५ पासून तेच बापट कसब्यातून पाच वेळा आमदार.

म्हणून २०२३ ला धंगेकर जिंकले तेव्हा 'कसबा पहिल्यांदाच ढासळलं' म्हणून जी ओरड झाली तिचं हसू आलं. कसब्याच्या आमदार मुक्ता टिळक गेल्यावर ती पोटनिवडणूक लागली. उमेदवारी टिळकांच्या घरात गेली नाही म्हणून पेठेत नाराजीचे फलक लागले. 'हू इज धंगेकर' हे भाजपच्या प्रचारातलं वाक्य काँग्रेसला कुणी फुकटात लिहून दिलं ते सगळ्यांना माहीत आहे. अकरा हजारांच्या आसपास फरकाने जिंकले. बापट त्या वेळी नाकाला ऑक्सिजनची नळी लावून चाकाच्या खुर्चीवरून प्रचाराला आले होते. मला ते बघवलं नव्हतं. पक्षाने आणायला नको होतं की त्यांनीच हट्ट धरला, यावर आमच्या कट्ट्यावर दोन तट आहेत आणि अजून बोलणं नाही.

महिन्याभरात, २९ मार्चला, बापट गेले. अंकुश काकडे, शांतिलाल सुरतवाला आणि बापट, पक्ष वेगळे पण मैत्री पक्की. ती पुण्याची जात आता संपत चालली.

पुढचं सांगायलाच हवं: लोकसभेला याच कसब्यात मोहोळ पुढे. विधानसभेला हेमंत रासने निवडून आले. आणि धंगेकर मार्च २०२५ मध्ये शिंद्यांच्या शिवसेनेत. 'हू इज' चं उत्तर दर वर्षी बदलतंय.

वडगावशेरी_१४
मी नागपूरचा, नोकरीसाठी पुण्यात, बारा वर्षं वडगाव शेरी. एक भाबडा प्रश्न. २०२३ मध्ये बापट गेल्यावर पोटनिवडणूक झालीच नाही, ते कसं चाललं? आमच्या सोसायटीत कुणालाच पत्ता नव्हता की आपल्याला खासदार नाहीये.

आकडेमोड्या
भाबडा नाही, चांगला प्रश्न आहे. कायद्याने जागा रिकामी झाल्यावर सहा महिन्यांत पोटनिवडणूक घ्यायची असते, सभागृहाची मुदत वर्षभरापेक्षा कमी उरली असेल तर सूट. बापट गेले तेव्हा लोकसभेची मुदत वर्षाहून जास्त उरली होती. आयोगाने इतर निवडणुकांची गडबड आणि नव्या खासदाराला मिळणारा थोडा काळ ही कारणं दिली. पुण्यातलाच एक मतदार उच्च न्यायालयात गेला. डिसेंबर २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आयोगाला फटकारलं आणि लगेच निवडणूक घ्या म्हणून सांगितलं. जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. तोवर सार्वत्रिक निवडणूक दारात. २९ मार्च २०२३ ते ४ जून २०२४, चौदा महिन्यांहून जास्त, पुण्याचा खासदार शून्य.

कोथरूडकरीण
आणि त्याच काळात महापालिकेतही नगरसेवक नव्हते, मार्च २०२२ पासून प्रशासक. म्हणजे दिल्लीत कुणी नाही, पालिकेत कुणी नाही. आमच्या गल्लीत ड्रेनेज तुंबलं तेव्हा तक्रार कुणाकडे करायची या प्रश्नावर सोसायटीच्या सभेत दीड तास गेला. शेवटी सेक्रेटरींनी स्वखर्चाने माणूस आणला. बिल अजून मंजूर व्हायचंय.

नदीपात्र
खासदार नसलेल्या चौदा महिन्यांत फरक पडला का, हे कुणीतरी प्रामाणिकपणे सांगा. वाहतूक तशीच होती.

भोपळेचौक
प्रामाणिकपणे: नाही. पण 'नसला तरी चालतं' म्हणायला लागलो तर पुढे मत कशाला द्यायचं? तसंही आपलं मतदान म्हणजे आनंदच. २००९ ला चाळीस टक्क्यांच्या जरा वर. २०१९ ला पन्नासच्या आत. सकाळी नऊला बोटाची शाई दाखवणारे फोटो टाकणारे दिसतात, तेवढ्यावर गैरसमज होतो.

वडगावशेरी_१४
मी २०१४ ला गेलो होतो, यादीत नावच नव्हतं. ओळखपत्र हातात, आणि नाव नाही. दोन तास या टेबलावरून त्या टेबलावर. माझ्यासारखे खूप होते त्या वर्षी पुण्यात, पेपरातही आलं होतं. नंतर दोन निवडणुका मी गेलोच नाही. आता लाज वाटते, पण खरं ते खरं.

कसब्यातलाच
२००९ चा विषय निघालाच आहे तर: कलमाडी तेव्हा पंचवीस हजारांच्या जरा वर फरकाने जिंकले, शिरोळे पडले. मनसेचे रणजित शिरोळे पंचाहत्तर हजारांवर आणि बसपकडून डी. एस. कुलकर्णी साठ हजारांवर मतं घेऊन गेले. चाळीस टक्के मतदानात असं चौघांत वाटलं की कुणीही जिंकू शकतो.

धायरीफाटा
कलमाडींचं प्रकरण खरं ९८ चं आहे, ते कुणीच लिहिलं नाही अजून. मी तेव्हा बावीस वर्षांचा, आणि मला त्या निवडणुकीने राजकारण कायमचं शिकवलं.

९६ ला मी ज्यांना मत दिलं ते कलमाडी, काँग्रेस, हात. समोर बापट. दोन वर्षांत लोकसभा कोसळली. काँग्रेसने तिकीट दिलं विठ्ठल तुपेंना. कलमाडी अपक्ष उभे, आणि त्यांना पाठिंबा कुणाचा? भाजप-शिवसेनेचा! आमच्या गल्लीत ज्या माणसाने ९६ ला घरोघर जाऊन कलमाडींच्या नावाने बोटं मोडली होती, तोच ९८ ला त्यांची पत्रकं वाटत होता. चेहरा असा की जणू तापात आहे. वडिलांनी त्याला बोलावून चहा दिला, विषय काढला नाही. मला वाटतं ती दया होती.

कलमाडी पडले. तुपे निवडून आले. पुढच्याच वर्षी पवारांनी राष्ट्रवादी काढली, तुपे तिकडून उभे राहिले, काँग्रेसचा वेगळा उमेदवार, मतं फुटली आणि प्रदीप रावत खासदार. २००४ ला कलमाडी काँग्रेसमधून परत. मॅरेथॉन, पुणे फेस्टिव्हल, बालेवाडी, हे सगळं त्यांचंच, आणि शेवटी २०११ ला राष्ट्रकुल स्पर्धांच्या प्रकरणात अटकही त्यांचीच. २००७ ला महापालिकेत त्यांना बाहेर ठेवायला राष्ट्रवादी, भाजप आणि शिवसेना एकत्र आले होते, 'पुणे पॅटर्न' म्हणायचे. आज राज्यात कोण कुणाबरोबर बसलंय यावर जे आश्चर्य करतात ते पुण्यात राहत नसावेत.

आणि तुपे हडपसरचे. आज ते असते तर त्यांचं स्वतःचं मत शिरूरला पडलं असतं.

व्यवस्थापन
दोन प्रतिसाद उडवले आहेत. जातीचा हिशोब मांडणारी कोष्टकं इथे नकोत. धागाकर्त्यांनी सुरुवातीलाच विनंती केली होती.

नदीपात्र
पॉपकॉर्न थंड झाले.

नारायणपेठी
व्यवस्थापनाने उडवले ते बरं केलं, पण जातीचा हिशोब पुण्यात होत नाही असं कुणी समजू नये. काकासाहेब गाडगीळ आणि केशवराव जेधे यांनी हातात हात घातले तेव्हाच या शहरात काँग्रेस पेठेच्या बाहेर पडली. नंतरचे सगळे तोच हिशोब मांडत आलेत, फक्त कुणी वहीत, कुणी एक्सेलमध्ये.

कोथरूडकरीण
धायरीफाटा, एक विचारू? रागावू नका. बारामतीत मत आहे तर बिघडलं काय? तुमचं मत तर जास्त मोलाचं. खडकवासला बरेचदा बाकीच्या बारामतीच्या उलट जातं, २०२४ ला सुनेत्रा पवारांना आघाडी मिळाली ती खडकवासल्यातच. सगळे नेते प्रचाराला धायरीत. आमच्याकडे कोण येतं? आम्हाला गृहीत धरलेलं असतं.

धायरीफाटा
रागवायचं काय त्यात. पण ताई, प्रचाराला येतात ते दौंड-इंदापूरच्या पाण्यावर बोलून जातात. उसाला आवर्तन कधी सुटणार हा तिथला जीवनमरणाचा प्रश्न आहे, मला मान्य आहे. माझा प्रश्न धायरी फाट्याचा सिग्नल. आणि गंमत म्हणजे दोन्हीकडचं पाणी एकाच खडकवासला धरणातलं. कालव्याला सोडलं की आमचा टँकर महाग होतो, नळाला सोडलं की दौंडात ओरड. एकाच खासदाराने दोघांना काय सांगायचं?

आकडेमोड्या
हा मुद्दा मात्र जोरदार आहे.

नुसती माहिती: सध्याचे मतदारसंघ २००१ च्या जनगणनेवर आखलेले आहेत. तेव्हा धायरी, आंबेगाव, वाघोली, फुरसुंगी इकडे शेतं होती. ११ गावं २०१७ ला आणि २३ गावं २०२१ ला महापालिकेत आली. पुढची जनगणना झाली की पुनर्रचना होणार. जागा वाढल्या तर शहरात दोन खासदार आले तरी नवल नाही, १९५२ सारखे.

भोपळेचौक
मग 'पुणे दक्षिण' परत येईल. आप्पा खूष.

नारायणपेठी
तोवर आप्पा राहिले तर.

धायरीफाटा, तुमचा व्यनि मिळाला. अहो, तुमच्या वाड्याच्या शेजारीच आमचा बोळ! तुमच्या आजोबांना मी ओळखत होतो, काळी टोपी घालायचे. ५७ ला फळ्यासमोर वडिलांच्या शेजारी तेच उभे होते असं मला आता वाटायला लागलंय, पण या वयात वाटतं तसं. नाव परत पेठेत आणायचं असेल तर आठ नंबरचा फॉर्म भरा, पत्ता माझा लावा.

धायरीफाटा
आप्पा, ते बेकायदेशीर आहे :)
रविवारी येतो चहाला.

वडगावशेरी_१४
पुनर्रचनेत धायरी कुठे जाईल, काही अंदाज?

नदीपात्र
मावळ. पनवेलकरांबरोबर.